टिकला तोच मोठा?

"काळाच्या कसोटीवर टिकतो तोच खरा मोठा" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. काळ म्हणजे काय कुणी निःपक्षपाती न्यायाधीश लागून गेलाय?

सिड फील्डचंच घ्या. कोण म्हणून विचारताय? हाच तर मुद्दा आहे राव! हा इंग्लंडातल्या 'व्हरायटी'चा विनोदी नट. व्हरायटी म्हणजे एकाच तिकिटात गाणी, जादू, कसरती आणि विनोद. जन्म १९०४ चा, बर्मिंगहॅमचा. कित्येक वर्षं गावोगावच्या थिएटरांत घासली. मग १९४३ मध्ये, ऐन युद्धात, लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात 'स्ट्राइक अ न्यू नोट' आलं आणि गडी रातोरात स्टार झाला. १९५० मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, हार्ट अटॅकनं गेला. घरोघरी टीव्ही पोचायच्या आधीच.

विशीत मी त्याचा गोल्फचा प्रवेश पाहिला. शिकवणारा म्हणतो, बॉलला 'अ‍ॅड्रेस' कर. हा पठ्ठ्या थेट पत्राचा मायनाच सुरू करतो! मी हसून हसून बेजार. मित्र म्हणाले, "वेगळा दिसायला काहीतरी जुनं उकरून काढतोस. एवढा ग्रेट होता तर लोक विसरले कसे?"

कसे ते ऐका. हा प्रवेश आहे १९४६ च्या 'लंडन टाउन' सिनेमात. त्यावर पैसा पाण्यासारखा ओतला, तरी तो सपशेल आपटला. सिडचा विनोद समोरच्या प्रेक्षकांच्या हशावर फुलणारा, आणि कॅमेऱ्यासमोर हशाच नाही. तरीही मी हसलो, ही त्याची ताकद! त्या सिनेमावरून त्याला जोखणं म्हणजे वर्षानुवर्षं धडधाकट चाललेली सिस्टिम एका फसलेल्या डेमोवरून नापास करणं.

ज्यांनी त्याला रंगमंचावर पाहिलं त्यांना विचारा. टोनी हॅनकॉक तरुणपणी त्याचा भक्त होता. समीक्षक केनेथ टायनन, तोही बर्मिंगहॅमचा, त्याच्यावर भरभरून लिहून गेला. १९५१ मध्ये त्याच्या कुटुंबासाठी पॅलेडियममध्ये मदतीचा खेळ झाला, तेव्हा लॉरेन्स ऑलिव्हिए आणि डॅनी के रंगमंचावर उतरले. ही मंडळी काय सोम्यागोम्यासाठी धावली?

म्हणजे टिकतं ते चांगलं असतंच असं नाही. टिकतं ते, ज्याचा बॅकअप घेतला गेला. सर्च केल्यावर सापडत नाही म्हणून माणूस सामान्य ठरवणं हा निव्वळ आळस आहे, आणि आपण त्यालाच 'काळाचा निकाल' म्हणतो.

असो. विशीतल्या भक्तीला हसू नका. विसरलेल्यांचा बॅकअप तीच फुकटात सांभाळते.