कारखान्यातला मृत्यू आणि ‘आपसात मिटवलं’

18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात कामगार होते, खुद्द मालक होते, त्यांच्या घरातलं दीड वर्षाचं बाळही होतं. राहणं आणि कारखाना एकाच इमारतीत. आगीने मालक कोण, मजूर कोण, हे पाहिलं नाही.

एकदम आठ माणसं गेली म्हणून राज्यभर बातमी झाली. पण मालेगाव, भिवंडीच्या लूम कारखान्यांत एकेक करून जाणाऱ्यांची बातमी चार ओळींची असते, कधी तेवढीही नसते. शटल उडून डोळा जातो, पट्ट्यात सदरा अडकून हात जातो, पावसाळ्यात उघड्या वायरीचा शॉक बसतो. कानांचं तर विचारूच नका. आमच्या वर्गातली मुलं सांगतात, घरी अब्बांशी ओरडूनच बोलावं लागतं.

नववीतला एक मुलगा शाळेचा दाखला मागायला आला होता. वडील रात्रपाळीत शॉक लागून गेले, आता तो लूमवर बसणार. किती मिळाले, असं आम्ही विचारलं. म्हणाला, एक लाख. मोहल्ल्यातल्या चार मोठ्या माणसांनी बसून ठरवलं होतं. त्यांची नियत वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. मालक आपला, मजूर आपला, कोर्टकचेरी कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. पण कायद्याचा हिशेब वेगळा आहे.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात सूत्र असं की महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि मयताच्या वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचा. वय 30 असेल तर आकडा 207.98. पगार 12,000 असेल तर 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये. कुठे एक लाख आणि कुठे हे! त्यातही याच कायद्याने सांगितलं आहे की मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यायचीच नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. मिटवामिटवीत विधवेला फसवलं जाऊ नये, म्हणूनच ही तरतूद. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, फक्त आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आला. जिथे ईएसआय लागू आहे तिथे ही भरपाई मिळत नाही, त्याऐवजी वारसांना पेन्शनसारखी दरमहा रक्कम मिळते. पण त्यासाठी कामगाराचं नाव रजिस्टरवर हवं ना!

खरी मेख इथेच आहे. एका शेडमधले लूम भाऊ, बायको, मेहुणा अशा तीन नावांवर दाखवले की कामगार कागदावर कमी होतात. आता कारखान्याची व्याख्याही बदलली. 1948 च्या केंद्राच्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी 10 कामगार पुरेसे होते, नव्या संहितेत 20 लागतात. आपल्या गल्लीतले कितीतरी कारखाने या आकड्याखालीच आहेत. संहितेत नेमणूकपत्र देणं सक्तीचं केलं आहे, ही मात्र चांगली गोष्ट. उत्तर प्रदेश, बिहारहून येऊन कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या हातात ते पत्र पडेल का, हा पुढचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते, पण बोलायलाच हवी. मय्यत लवकर उचलायची म्हणून आपण पोस्टमॉर्टम टाळतो. घरचे हात जोडतात, ‘चीरफाड नको’. भावना आम्ही समजू शकतो, आमच्याही घरात हेच झालं असतं. पण पोलिसात नोंद नाही, पोस्टमॉर्टम नाही, तर शॉकने गेला हे सिद्ध कशाने करणार? कधी कधी कागदावर सरळ ‘हार्ट अटॅक’ येतो. मग बेवा चार महिने दहा दिवस इद्दतीत. सोबत काम करणारा साक्षीदार तोवर गोरखपूर नाहीतर दरभंग्याला निघून गेलेला असतो, तुटकी वायर बदललेली असते.

मिटवायला बसणाऱ्या मंडळींना आमचं एवढंच म्हणणं आहे. बैठक जरूर घ्या, कफन-दफनाची सोय करा, घरात रेशन भरा. पण सहीचा कागद पुढे करण्याआधी पोलिसातली नोंद आणि पोस्टमॉर्टम रिपोर्ट आहे का ते विचारा. मालकालाही सांगा की विम्याचा हप्ता भरलेला असता तर आज घर विकायची वेळ आली नसती. छोटा मालक बारा लाख कुठून आणणार, हे आम्हालाही कळतं.

त्या मुलाच्या वडिलांना जाऊन चौदा महिने झाले. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही घरी जाऊन त्याच्या अम्मींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “सर, अंगूठा तो लगा दिया है.” अंगठा लावला म्हणून हक्क जात नाही, हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दच ठरतो, हे आम्ही समजावलं. मग कागद पाहायला मागितले. डब्यातून आधार कार्ड निघालं, रेशन कार्ड निघालं, कब्रस्तानची पावती निघाली. पोस्टमॉर्टमचा कागद नव्हता.