जागा न मिळालेल्याच्या पदरात काय?

‘दोनच वर्षं कळ काढ बाळा, पुढं सगळं सुखाचं आहे.’ अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य माझ्या कानावर रोज पडतं. मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी चोवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे. हे म्हणणाऱ्या आईबापांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ते वाक्य खरं नाही, आणि त्याच्या भरवशावर आपण मुलांची पंधरावं ते अठरावं ही वर्षं गहाण टाकतो आहोत. म्हणून त्याचा समाचार घेणं मला भाग आहे.

एक तर ती वर्षं आता दोन उरलेली नाहीत. ‘फाउंडेशन’ची बॅच आठवीत सुरू होते. बारावीला मनासारखे गुण पडले नाहीत की ‘रिपीटर’ची बॅच, आणि तीही साधली नाही तर आणखी एक. पाच-सहा वर्षं एखादं मूल सणाला घरी येतं ते पुस्तकांची पिशवी घेऊन आणि परत जातं ते डोळे चुकवून. त्याला ‘दोन वर्षं’ म्हणत राहणं ही त्याची फसवणूक आहे.

‘पण सर, स्पर्धाच तेवढी आहे,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. आहेच. 2024 साली नीटला 23 लाखांहून अधिक मुलं बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा 1 लाखाच्या थोड्या वर होत्या, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. मात्र याच आकड्यांतून मला उलटा निष्कर्ष दिसतो. मुलानं झोपेतून दोन तास काढले म्हणून देशात एकही जागा वाढत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलानंही तेवढेच तास काढले की कटऑफ वर सरकतो. दोघं होते तिथंच राहतात, झोप मात्र दोघांचीही जाते. 180 प्रश्नांत एखादा चुकला तर बरोबर उत्तराचे 4 गुण जातात, वर 1 कापला जातो, आणि त्या 5 गुणांनी मूल हजारो क्रमांक खाली घसरतं. अशा घसरगुंडीवर ‘आणखी थोडं रेट’ हा सल्ला एका मुलाला कदाचित उपयोगी पडेल. सगळ्यांना एकदम दिला की तो निरर्थक होतो.

तेव्हा 20 लाखांहून अधिक मुलांना जागा मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना, या तयारीला मी एकच कसोटी लावतो. जागा न मिळालेल्या मुलाच्या पदरात ती काय टाकते?

आजची उत्तरं मी रोज पाहतो. प्रवेश कागदोपत्री आमच्याकडे आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात, ‘टायअप’ म्हणतात. माझ्या हजेरीपटावर 120 नावं आहेत. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी समोर नऊ मुलं होती, आणि त्यातली चार क्लासची फी परवडत नाही म्हणून आलेली होती. 2018 साली राज्य सरकारनं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती याचसाठी. पण यंत्राला अंगठ्याचा ठसा कळतो, तास झाला की नाही ते कळत नाही. यात आमचा दोषही मी लपवणार नाही. पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर आलेला तरुण शिक्षक तीन ठिकाणी धावतो आहे, हे खरं. पण आमच्यातल्या काहींनी रिकामा वर्ग पाहून सुटकेचा निःश्वास टाकला, हेही खरं. मुलांनी वर्ग सोडला त्याआधी कित्येक वर्गांनी मुलांना सोडलं होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे, आणि त्याच्यापुढं मी दर वेळी थबकतो. ‘तुमचं खरं असंल सर, पण आमच्याकडं दुसरी शिडी कुठली?’ ज्याच्या घरात पावसावर वर्ष ठरतं, त्याला मुलगी डॉक्टर झाली तर तीन पिढ्यांचा फेरा तुटताना दिसतो. त्याला ‘मुलीला मोकळं सोडा’ असं शहरातल्या गॅलरीत बसून सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. म्हणून त्याला मी लातूरचीच गोष्ट सांगतो. लातूर पॅटर्न म्हटलं की आज ट्यूशन एरियातल्या पाट्या, होस्टेलं आणि मेस डोळ्यांपुढं येतात. पण राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नेतृत्वाखाली जे उभं राहिलं, त्याचं बळ महाविद्यालयाच्या आत होतं. वर्गात शिकवणारे प्राध्यापकच जादा तास घेत, वरचेवर चाचण्या घेत, पेपर तपासून मुलाला त्याची चूक दाखवत. खेड्यातून आलेल्या मुलाला ही मेहनत प्राध्यापकांकडूनच मिळत होती. ती शिडी उचलून बाहेर नेली आणि तिच्या प्रत्येक पायरीला दर लावला, तेव्हापासून तिच्यासाठी जमीन विकावी लागते आहे. गरिबाच्या नावानं क्लासची बाजू मांडणाऱ्यांनी हे पाहावं. त्याचा आक्षेप खरं तर माझ्या बाजूनं बोलतो: चांगला वर्ग महाविद्यालयात परत आला, तर सर्वांत मोठा फायदा त्याचाच आहे.

राहिला ‘ताण दिल्याशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत’ हा समज. मेहनतीला माझा विरोध नाही. मुलं सहा तास जीव लावून बसावीत असं मलाही वाटतं. पण दर रविवारच्या चाचणीनंतर क्रमवारी भिंतीवर लावायची, गुण घसरले की ‘टॉपर’ बॅचमधून उचलून मागच्या बॅचमध्ये बसवायचं, याला अभ्यास म्हणत नाहीत. ती भीती आहे, आणि भ्यालेलं मूल न समजलेली गोष्ट विचारत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 16 वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुणांवरून बॅचची विभागणी टाळा, मुलांना चारचौघांत लाजवू नका, असं बजावलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. प्रत्येकामागं परीक्षाच होती असं कुणी म्हणू नये. पण त्या यादीत आपलं राज्य वर असताना ‘आमच्या वेळी आम्हीही सोसलं’ हे वाक्य कुणाच्या तोंडी शोभत नाही.

मग करायचं काय? अकरावी परत आणायची. प्रवेश परीक्षेच्या हिशेबानंही अकरावी बुडवणं परवडत नाही: एमएचटी-सीईटीत सुमारे 20 टक्के भार अकरावीचा असतो, आणि नीट-जेईईत तर अकरावी-बारावी दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या. चाचणी जरूर घ्यावी, कारण वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा ते न बघता आठवून लिहिल्यानं अधिक टिकतं. मात्र तिचा कागद मुलाच्या आणि शिक्षकाच्या मध्येच राहावा. झोपेला हात लावू नये. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभर शिकलेलं त्या झोपेतच पक्कं होतं. रात्री दोनला बंद होणारी अभ्यासिका पाहून मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

घरच्यांनी अकरावीच्या दिवाळीत मुलाशेजारी बसून दुसरा आणि तिसरा रस्ता कागदावर लिहून काढावा. बीएस्सी, फार्मसी, नर्सिंग, कृषी पदवी, जे मुलाला खुणावेल ते. आणि त्यांची नावं हरल्यासारख्या आवाजात घेऊ नयेत. मुलं शब्दांआधी आवाज ऐकतात. सरकारनं 2025 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू केला. कुणाला कुठं जागा मिळाली हे आता चोख कळतं. तेवढ्याच चोखपणे त्या वर्गाला शिक्षक मिळाला का, प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं का, हेही विचारलं जावं.

मागच्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला. दोनदा नीट देऊन झालेली, बीएस्सीला नाव घातलेलं. भिंगाचं गणित त्यानं पर्याय खोडत मिनिटाच्या आत सोडवलं. मी त्याच्या हातात बहिर्वक्र भिंग ठेवलं आणि त्याचं नाभीय अंतर काढायला सांगितलं. तो गप्प उभा राहिला. जर्नलमध्ये त्यानं हाच प्रयोग लिहिला होता, निरीक्षणं नेटकी, खाली सही आणि शिक्का. भिंग मात्र त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा धरलं होतं. मी खिडकी उघडली आणि त्याला समोरच्या भिंतीशी नेलं. त्यानं भिंग पुढं-मागं सरकवलं आणि एका ठिकाणी बाहेरचं कडुलिंबाचं झाड भिंतीवर उतरलं, बोटभर, उलटं, पानं हलणारं. त्याला पट्टी घ्यायचंही सुचलं नाही. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला. मग त्यानं भिंग हातानं अर्धं झाकलं आणि विचारलं, ‘सर, झाड अर्धं का नाही झालं?’

तास संपल्याची घंटा झाली होती. आम्ही दोघंही तिथून हललो नाही.