दिवा आणि साडीचा रंग

कापडाच्या दुकानात एक दृश्य नेहमीचे: साडी पसंत पडली, की घरातील वडीलधारी स्त्री ती उचलून दाराशी उजेडात नेते. दुकानदाराला तो आपल्यावरील अविश्वास वाटतो. वस्तुतः अविश्वास दिव्यावर असतो. हलक्या एलईडीखाली लाल रंग निस्तेज होतो, गर्द निळा व काळा यांतील भेद पुसतो, आणि साडी दुसऱ्या दिवशी परत येते. दिव्यामागे वाचवलेले पैसे अशा एकाच शालूत जातात.

दिवा घेताना व्यापारी वॅट आणि भाव विचारतो, ‘सीआरआय’ क्वचितच. दिवा रंग किती खरे दाखवतो, हे तो आकडा १०० पैकी सांगतो. घरगुती एलईडीत तो साधारणतः ८० असतो. कापड विकणाऱ्याने ९० च्या खाली उतरू नये.

छतातील पॅनेलचा उजेड सर्वत्र पसरतो. गल्ल्याला व कपाटांना तेवढा पुरे. साडी उलगडते त्या गादीवर मात्र ४००० केल्विनच्या आसपासचा स्पॉटलाइट हवा, तोही तिरपा, अन्यथा जरीची चकाकी डोळ्यांत जाते.

सर्व दिवे एकदम मागवू नयेत. एकच आणून त्याखाली लाल व जांभळी साडी पाहावी, मग तीच दाराशी न्यावी.