बारीक झालीस!

यंदाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आपल्याच मंडळातली एक मुलगी आहे. घरासमोरच्या ओट्यावर बसून ती रांगोळी काढते आहे. डिझायनरकडून पहिलं प्रूफ आलं तेव्हा काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. मूळ फोटो शेजारी ठेवला आणि उलगडा झाला. तिचा उजवा दंड दोन बोटं कमी झाला होता, कंबर आत गेली होती आणि हनुवटीखालची गोलाई पुसली गेली होती. मी फोन केला, तर त्यालाच आश्चर्य वाटलं. "मॅडम, कॅटलॉगमध्ये तर सगळ्यांचंच करतो." तो बिचारा वर्षभर सुरतेतल्या रिंग रोडच्या मार्केटसाठी साड्यांचे कॅटलॉग बनवतो, आमचा अंक हे त्याचं वर्षातून एकदाचं पुण्यकर्म. त्याच्यावर रागवून काय उपयोग? खरा धक्का पुढेच होता. मुलीला दोन्ही प्रूफं दाखवली, म्हटलं, बघ काय करून ठेवलंय. ती बारीक केलेल्या प्रूफाकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, हेच ठेवा ना. अजून थोडं करता येईल का?"

यंदा सुरतेतल्या मराठी शाळांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या वर्षी.

माझ्या लहानपणी सुट्टीत खानदेशात गेलं की आत्या अंगणातच अडवायची. "कितली वाळी गई वं माय!" म्हणायची आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. पोरीचं वाळणं म्हणजे आजारपण, सासुरवास नाहीतर घरातली टंचाई. वाळतात त्या मिरच्या आणि पापड. माणूस भरलेलं असावं. आज "अगं, किती बारीक झालीस!" हे वाक्य हळदीकुंकवात वाणासारखं दिलं जातं आणि घेणारीही ते तसंच ओटीत घेते. शब्द जवळजवळ तेच, पण काळजीचं कौतुक झालं. लग्नाच्या जाहिरातींतला "सडपातळ" मात्र जुनाच आहे, हेही कबूल करायला हवं. सगळं पाप मोबाईलचं नाही.

दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठं आठवा. दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केलं. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतल्या बायकांचे दंड भरलेले असत, गळ्याखाली घडी असे, आणि त्या देखण्या नाहीत असं कुणी म्हटलं नाही. (आदर्श त्याही होत्या, खऱ्या नव्हत्याच. पण निदान जेवलेल्या दिसत.) 2008 मध्ये 'टशन' हा सिनेमा आला आणि त्यातल्या नटीमुळे 'साइझ झीरो' हा शब्द घरोघर पोचला. त्या नटीच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, म्हणजे मराठीच. त्या तेव्हापासून तूप-भात खा, पोळी सोडू नका म्हणून सांगत आहेत. आपण शून्य तेवढं लक्षात ठेवलं, तूप विसरलो.

आणि हा बारीकपणाचा सोस सुरतेत व्हावा! आपलं शहर ज्या साड्यांवर जगतं, त्या साडीला माप नसतं. साडेपाच मीटरचा तोच कपडा आजी नेसते आणि नातही. मापं असतात ती ब्लाउजला. लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यातल्या आपल्या बायका घरी बसून त्याच साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, धागे कापतात; आणि ती साडी शेवटी ज्या एकाच बांध्याच्या बाईच्या अंगावर छापली जाते, तो बांधा त्यांच्या मुलीला हवा असतो. आता तर शिवलेली, तयार साडीही आली आहे. तिला माप आहे.

हा सोस कधीकधी आजारापर्यंत जातो. डॉक्टरांच्या भाषेत अशा दुखण्यांना खाण्याचे विकार म्हणतात. एकात मुलगी खाणं तोडत जाते. काटा खाली जातो तरी आरशात तिला जाडीच दिसते. दुसऱ्यात चोरून भरमसाट खाणं आणि मग अपराधी वाटून ते ओकून टाकणं. हे नखरे नव्हेत. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, केस गळतात, नाडी मंदावते; उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरलं की हृदयाचा ठोका चुकतो. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत यांची गणना होते. आजार नवाही नाही. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने 1689 साली अशाच एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तेव्हा कॅटलॉग नव्हते.

पण वारं कुठून वाहतं याने फरक पडतो. फिजी बेटांच्या नाद्रोगा भागात 1995 साली टीव्ही आला. तिथेही भरलेलं अंग चांगलं समजलं जाई, पोर वाळली की शेजारीपाजारी काळजी करत. म्हणजे माझ्या आत्याचाच गाव म्हणा ना. ॲन बेकर या संशोधिकेने टीव्ही आला तेव्हा तिथल्या शाळकरी मुलींना विचारलं होतं, वजनासाठी उलटी करणारी एकही निघाली नव्हती. तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा शंभरात अकरा निघाल्या.

आपल्याकडे हा आजार लपायला जागाही भरपूर. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये अशा पाच तरुणींबद्दल लिहिलं होतं. त्या जेवत नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन उतरलं होतं, पाळी बंद होती, पण "मला जाड व्हायचं नाही" असं त्या म्हणत नव्हत्या. आपली मुलगी म्हणते, पोटात गच्च वाटतं, गॅस होतो. नाहीतर म्हणते, आज उपवास आहे. सोमवार, चतुर्थी, हरतालिका हे आपले. त्यात इथल्या मैत्रिणींबरोबर आषाढातलं पाच दिवसांचं बिनमिठाचं गौरीव्रत. मग नवरात्र, दिवसा उपास आणि रात्री बारापर्यंत गरबा. व्रताला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण पारण्याच्या दिवशीही जिच्या ताटात काही पडत नाही, तिचं व्रत कोणत्या देवाचं आहे हे आईने विचारावं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत गुजरातेतल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 65 बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. जिथे निम्म्याहून जास्त घर फिक्कट आहे, तिथे एक पोर अधिक फिक्कट झालेली कोणाला दिसणार?

कोजागिरीचं मसाला दूध आपण पितो, दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला सगळ्या सुरतेबरोबर फुटपाथवर सतरंजी टाकून घारी आणि भुसू खातो. यंदा त्या सतरंजीवर मी पहिल्यांदाच घारीकडे न बघता मुलींकडे बघितलं. एकीने तुकडा मोडला, बोटांत फिरवला, फोटो काढला आणि भावाच्या ताटात ठेवला. तिची मावशी एका श्वासात म्हणाली, "घे की गं, सणासुदीचं! पण गाल वर आलेत हं तुझे." मावशीने दोन्ही वाक्यं प्रेमानेच म्हटली. तशी ती मीही आजवर कितीतरी जणींना म्हटली आहेत, याच मंडळाच्या फराळाला, चकलीचं ताट पुढे करत.

कुणाच्या घरी अशी शंका असेल तर मुलीला भरवण्याची जबरदस्ती करू नका, टोमणेही नकोत, डॉक्टरांना दाखवा. नव्या सिव्हिल रुग्णालयात आणि स्मीमेरमध्ये मानसोपचार विभाग आहेत. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास. आजार बरा होतो, फक्त वेळ लागतो आणि सगळं घर लागतं.

मुखपृष्ठावरून त्या मुलीशी माझ्या तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन्हींत ती हरली नाही, मीही जिंकले नाही. तिसऱ्या वेळी तिची आजी सोबत आली होती. तिने चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले, दुरुस्त केलेल्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कोण?"

अंक छापायला जायला दोन दिवस उरले होते. मुलगी हसली, मग जरा वेळ गप्प बसली आणि मूळ फोटो माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ठीक आहे. पण माझं नाव आत छोट्या अक्षरांत टाका."

तसं टाकलं आहे.