सीडी की सर्व्हर? आधी कानांची परीक्षा घ्या!



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक वाद झाला. माझी मुलगी नववीत आहे. घरातल्या सगळ्या सीडी संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या आणि तिथूनच गाणी ऐकायची, असा तिचा बेत होता. अशा गाण्यांच्या कोठाराला म्युझिक सर्व्हर म्हणतात. मी म्हणालो, "छे! सीडीच्या आवाजातला गोडवा सर्व्हरला यायचा नाही." ती म्हणाली, "बाबा, आकडे तेच ना? मग गोडवा कुठून वेगळा येणार?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. तरी त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो आणि माझे मतही सांगतो.

सीडीवर गाणे नसते, आकडे असतात. ध्वनीमुळे हवेचा दाब सतत कमीजास्त होतो. ध्वनिमुद्रण करताना हा दाब सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एखाद्या लहरीची पुरती नोंद व्हायला तिच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, म्हणून हा आकडा निवडला. प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत लिहितात. म्हणजे त्याला २ चा १६ वा घात, अर्थात ६५,५३६ पायऱ्या मिळतात. डाव्या व उजव्या बाजूचे मिळून दर सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० अंक झाले. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला.

हे अंक १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असतात. खळग्यांच्या दोन शेजारच्या ओळींत अवघे १.६ मायक्रोमीटर अंतर! लेसर किरण त्यावरून फिरतो. खळग्याची कड आली की १, नाही तर ०. एवढ्या बारीक लिखाणावर धुळीचा कण किंवा ओरखडा आला तर? इथे गणित मदतीला येते. समजा, मी तुम्हांला ७, ४, ९ हे अंक पाठवले आणि सोबत त्यांची बेरीज २० पाठवली. मधला अंक पुसला गेला, तरी तो ४ होता हे तुम्ही चटकन ओळखाल. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली युक्ती याच जातीची, पण फार पुढची आहे. शिवाय लागोपाठचे अंक तबकडीवर एकमेकांपासून दूर पेरलेले असतात. परीक्षेत एका वर्गाची मुले निरनिराळ्या खोल्यांत बसवली, तर एक खोली गळू लागली म्हणून सगळा वर्ग भिजत नाही, तसेच हे. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचे नुकसान सीडी प्लेअर बिनचूक भरून काढतो.

सर्व्हरमध्ये हेच अंक हार्ड डिस्कवर असतात. तासाभराच्या संगीताला सुमारे ६३ कोटी ५० लाख बाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर दीड हजार तासांचे संगीत मावते. सीडी उतरवून घेताना संगणकाला घाई नसते. शंका आली तर तीच जागा तो पुन्हा पुन्हा वाचू शकतो. प्लेअरला मात्र गाणे थांबवता येत नाही. दुरुस्ती जमली नाही, तर तो आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने मधला आकडा भरतो.

काही जण म्हणतात, "आकडे तेच असतील, पण ते वेळेवर पोचायला हवेत." मुद्दा योग्य आहे. पण नगरपालिकेचे पाणी कमीजास्त जोराने आले, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ एकसारखाच वाहतो ना? दोन्ही यंत्रांत अशी आकड्यांची टाकी असते आणि तिच्यातून आकडे सोडण्याचे काम क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालते. तबकडी जराशी डगमगली म्हणून सूर डगमगत नाही.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. जागा वाचवण्यासाठी एमपी-३ पद्धतीत आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देतात. सेकंदाला १,२८,००० अंकांची एमपी-३ घेतली, तर सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढेच अंक उरतात. त्याहून काटकसर केली, तर तंबोऱ्याची जवारी आणि टाळांची किणकिण बिघडलेली कानाला कळते. उलट, २००१ पासून प्रचारात आलेल्या फ्लॅक पद्धतीत काहीच टाकत नाहीत. शंभर शून्ये लिहिण्याऐवजी 'शंभर शून्ये' असे लिहावे, तशी ही बचत असते. उलगडल्यावर अंकन् अंक परत मिळतो.

हे सारे कागदावर पटले, तरी माझे कान ऐकेनात. तेव्हा मुलीने माझी परीक्षा घेतली. आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर करणारा भाग आहे. त्याला डॅक म्हणतात. दोन्ही यंत्रांचे आकडे तिने त्याच डॅकमध्ये सोडले. आवाजाची पातळीही तीच ठेवली, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला उगाचच चांगला वाटतो. मला पाठ करून बसवले. दर खेपेला ती नाणे उडवी. छाप आला तर सीडी, काटा आला तर सर्व्हर. अशा १६ खेपा झाल्या. यंत्राकडे पाहत ऐकले होते, तेव्हा फरक मला अगदी स्वच्छ जाणवत होता. पाठ केल्यावर माझी ९ उत्तरे बरोबर आली.

९ म्हणजे निम्म्याहून जास्त, असे म्हणून मी खूश झालो असतो. पण हिशेब करा. नाणे १६ वेळा उडवले, तर छाप-काट्याचे ६५,५३६ क्रम संभवतात. सीडीच्या पायऱ्यांचाच हा आकडा! डोळे मिटून उत्तरे ठोकणाऱ्यालाही शंभरातून ४० वेळा ९ किंवा अधिक गुण मिळतात. १२ किंवा अधिक गुण मात्र फक्त २,५१७ क्रमांत, म्हणजे शंभरातून सुमारे ४ वेळाच मिळतात. मला १२ मिळाले असते, तर माझ्या म्हणण्यात काही अर्थ होता. मी हरलो आणि तसे कबूलही केले.

तेव्हा माझे मत असे. दोन्हींत आकडे तेच असतील आणि डॅक चांगला असेल, तर आवाजावरून सीडी आणि सर्व्हर यांत निवड करू नये. "आमच्या यंत्रावर ऐकाच, फरक कळेल" असे कोणी सांगितले, तर "पाठ करून ऐकू का?" असे विचारा. आईवडिलांचे पैसे खर्चायचेच असतील, तर ते स्पीकरवर खर्चावेत. आवाजात खरा फरक स्पीकरने आणि खोलीने पडतो. खोलीत पडदा, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट असले, तरी केवढा फरक पडतो!

मग सीडी भंगारात द्यायच्या का? मुळीच नाही. इथे मी आमच्याच घरातली एक हळहळ सांगतो. २००६ मध्ये मी आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या, एका सीडीवर घातल्या आणि निर्धास्त झालो. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन व उष्णता यांनी तो खराब होतो, याकडे मी लक्ष दिले नाही. २०११ मध्ये आजी गेली. पुढे काही वर्षांनी सीडी लावली, तर ती अडखळू लागली. संगणकाने रात्रभर एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचली. अकरा भागांपैकी आठ मिळाले, तीन गेले. ते आता कोणतेही यंत्र परत देणार नाही.

हार्ड डिस्कही एक दिवस बंद पडतेच. म्हणून सीडी जपा, ती उतरवूनही घ्या, आणि त्या प्रतीची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. अंकांचा मोठा गुण हा की शंभरावी प्रतही पहिलीइतकीच अस्सल असते. दोष एवढाच की ती प्रत आपण वेळेवर करावी लागते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी आवाजाची एकच प्रत असेल. हा अंक मिटल्यावर आधी ती शोधा. नाण्याचा प्रयोग त्यानंतर करा.