रिकामी पोकळी म्हणजे उष्णतारोधन नव्हे

लडाखच्या हिवाळ्याविषयीची विज्ञानवार्ता बहुधा ठरलेल्या साच्यात येते: नवा सौरतापक, नवी बॅटरी, नवा हीटर. उष्णता निर्माण कशी करावी याची चर्चा उदंड. निर्माण केलेली उष्णता रात्रभर भिंतीतून कोठे जाते, हे विचारणारा विरळा. ही उपेक्षा केवळ बातमीदारांची असती, तर सोडून देता आली असती. ती नियमातही उतरली आहे.

ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात थंड हवामानासाठी भिंती, खिडक्या व दारे यांच्या सरासरी यू-मूल्याची कमाल मर्यादा 1.8 ठेवली गेली. (आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता निसटते, ते यू-मूल्य.) इंग्लंडच्या 2021 च्या नियमांत नव्या घराच्या भिंतीला 0.26 ची मर्यादा आहे. एकीकडे सरासरी आणि दुसरीकडे नुसती भिंत, म्हणून ही तुलना अन्यायाची वाटेल. मग खिडकी घ्या: तिथे खिडकीलाही 1.6 च्या वर जाता येत नाही. म्हणजे लंडनच्या खिडकीकडून जी अपेक्षा आहे, तीही आपण लेहच्या संपूर्ण घराकडून ठेवली नाही!

यावर ‘दुहेरी भिंत बांधा, मधली हवा उष्णता अडवते’ असे उत्तर हमखास मिळते. ते अर्धसत्य आहे. स्थिर हवा उत्तम रोधक खरी; पण पोकळीतली हवा स्थिर राहतच नाही. उबदार बाजूला ती वर चढते, गार बाजूला खाली उतरते, आणि या अभिसरणाच्या जोडीला एका भिंतीकडून दुसरीकडे प्रारणही चालू असते. म्हणूनच पोकळी सुमारे 25 मिलिमीटरच्या पुढे कितीही रुंद केली, तरी तिचा रोध 0.18 च्या आसपासच अडकतो. तीच जागा 50 मिलिमीटर तंतुमय भरावाने भरली की रोध 1.25 होतो, जवळपास सातपट. भराव स्वतः फारसे काही करीत नाही; तो हवेला जागच्या जागी धरून ठेवतो, इतकेच.

आता हिशेब मांडू. प्रत्येकी 10 सेंटिमीटर जाडीच्या दोन विटांच्या भिंती, मध्ये पोकळी: यू-मूल्य सुमारे 1.6. पोकळी भरली तर 0.6. बाहेर उणे 15, आत 15 अंश आणि 50 चौरस मीटर भिंत धरली, तर निसटणारी उष्णता 2,400 वॅटवरून 900 वर येते. चोवीस तासांत 36 युनिटांची बचत. रॉकेलच्या भाषेत सांगायचे तर रोजचे साडेतीन लिटरांहून अधिक, तेही बुखारीची कार्यक्षमता शंभर टक्के मानून, जी कधीच नसते.

भरावासाठी आयात केलेला फोमच हवा असेही नाही. मातीच्या विटांच्या दोन थरांमध्ये पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरण्याची रीत लडाखमधील सौर-निष्क्रिय घरांत वापरली गेली आहे. पेंढ्याचा रोध खनिज लोकरीपेक्षा थोडा कमी, म्हणून थर जाड ठेवावा लागतो. प्रदेश भूकंपप्रवण असल्याने दोन्ही थर बंधांनी जखडावे लागतात. यात गवंड्याला न जमण्यासारखे काही नाही.

राहिला ओलीचा आक्षेप. तो खरा आहे. ब्रिटनमध्ये पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंती सरसकट भरल्या गेल्या आणि काही घरांत ओल शिरली. कोकणात कोणी असा भराव सुचवला, तर मीही विरोध करीन. पण लेहचा वार्षिक पाऊस 100 मिलिमीटरच्या आसपास! तिथे उंच जोते आणि बाहेर आलेले छप्पर पुष्कळ काम करतात. 2010 सारखी ढगफुटी ध्यानात ठेवून जोत्यावर थोडा अधिक खर्च करावा. पर्जन्यछायेतल्या प्रदेशाला पावसाळी बेटाची भीती घालणे हे विज्ञान नव्हे.

मागणी फार मोठी नाही. थंड विभागासाठी भिंतीची मर्यादा सरासरीत न लपवता वेगळी लिहावी आणि ती 0.6 च्या वर नसावी. लडाख, लाहौल-स्पीती व काश्मीरमध्ये सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या शाळा आणि वसतिगृहांना ती प्रथम लागू करावी, कारण भिंत बांधताना भराव घालायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट खर्च पुढे ती फोडून घालायला येतो.