पाळकाचे काम ऐकण्याचे, 'बरे' करण्याचे नव्हे

चाळीसगावसारख्या गावात मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लोक अजून कचरतात. पाळकसाहेबांचे दार मात्र उघडे असते. त्यामुळे आपल्याला मुलांचेच आकर्षण वाटते, हे एखादा ख्रिस्ती तरुण आधी त्यांनाच सांगण्याची शक्यता जास्त.

अशा वेळी उपवास-प्रार्थनेने 'बरे' करण्याची हमी किंवा घाईने लग्नाचा सल्ला देऊ नये. जो आजारच नाही, त्यावर उपचार कसला? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून वगळली. ती 'बदलण्याचे' उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. अमेरिकेत असाच दावा करणारी 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही ख्रिस्ती संस्था २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली.

धर्मशिकवणीवर मतभेद राहतील. पण गुपित राखणे, त्याच्या संमतीनेच आईवडिलांशी बोलणे आणि झोप उडाली, जीव नकोसा झाला असे दिसताच डॉक्टरकडे नेणे, यात मतभेद कसला? 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चर्चच्या फलकावर लिहायला तर काहीच हरकत नसावी.